डोंगरातल्या रस्त्यावर बाईकचा गट सुटू द्यावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ गाड्या, सहा दिवसांचा डोंगराळ रस्ता, तिघे घाटात नवखे, दोघांच्या मागे जोडीदार. मागच्या छोट्या सहलीत गट सारखा तुटत होता. एक जण चुकीच्या फाट्याने गेला आणि दुसरा पुढच्यांना गाठण्याच्या नादात वळणावर घसरला. म्हणून तुम्ही विचारता की आठही गाड्या एकत्र कशा ठेवायच्या, पुढे कुणी राहायचं, दिवसाला किती किलोमीटर धरायचे, सोबत काय घ्यायचं आणि इंटरकॉमवर, म्हणजे हेल्मेटमधून एकमेकांशी बोलायच्या यंत्रावर, खर्च करावा का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर उलटं वाटेल, पण तेच खरं आहे: एकत्र ठेवायला जाऊ नका. वळणांच्या रस्त्यावर गट सुटतोच. तो सुटला तरी कुणी चुकणार नाही आणि कुणाला घाई करावी लागणार नाही, एवढी व्यवस्था निघण्याआधी लावून ठेवायची. बरीच वर्षं मी गट घेऊन डोंगरात जातो आहे. गटात एखादा वेगाने जाणारा असतोच, पण मला जास्त काळजी असते ती मागे पडलेल्याची आणि पुढच्याला गाठायच्या त्याच्या धडपडीची. तुमचा मित्र घसरला तो असाच.

हे का होतं ते एकदा आकड्यांत बघा. दोन गाड्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर आहे असं धरा. ताशी 60 किलोमीटरला दोन सेकंद म्हणजे सुमारे 33 मीटर. हेअरपिनवर, म्हणजे जवळजवळ उलट फिरवणाऱ्या वळणावर, दोघेही ताशी 20 वर येतात, तेव्हा त्याच दोन सेकंदांचे 11 मीटर होतात. पुढचा वळणातून बाहेर पडून गॅस देतो, मागचा अजून वळणात असतो, आणि त्याच्या डोळ्यांदेखत 11 चे 33 मीटर होतात. सेकंद तेवढेच आहेत, तो तसूभरही मागे पडलेला नाही. पण डोळ्याला सेकंद दिसत नाहीत, मीटर दिसतात. त्याला वाटतं पुढचा निघून गेला, आणि गाडी झुकलेली असतानाच तो गॅस पिळतो. त्याच्या मागचाही तेच करतो, थोडं जास्त. ही लाट आठव्या गाडीपर्यंत पोचते तेव्हा शेवटचा माणूस सरळ पट्ट्यात लीडपेक्षा, म्हणजे सगळ्यात पुढच्यापेक्षा, कितीतरी जोरात आणि वळणाच्या तोंडावर कचकचून ब्रेक, असं दिवसभर करत असतो. संध्याकाळी सगळ्यात थकलेला तोच. आणि बहुतेक गटांत शेवटी असतो कोण? नवखा. 'तू ये आरामात मागून' असं त्याला प्रेमाने सांगितलेलं असतं.

तेव्हा आठच्या ऐवजी चार-चारचे दोन गट करा. पहिला निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा. थांबे दोघांचे तेच, मुक्कामही तोच. चौघांत पहिला लीड, त्याच्या लगेच मागे सगळ्यात नवखा, मग तिसरा, आणि शेवटी सगळ्यात जाणता, ज्याला स्वीप म्हणतात. तुमचे तिघे नवखे एका गटात एक आणि दुसऱ्यात दोन असे बसतील. लीडने आरशात मागच्या नवख्याकडे बघत त्याला झेपेल तो वेग धरायचा. नवख्याला समोर एक शांत चालवणारा दिसत राहिला की तो कुठे ब्रेक लावतो, कुठून वळण घेतो हे त्याला आपोआप कळत जातं. मात्र पुढच्याच्या ब्रेकलाइटवर गाडी चालवायची नाही, नजर त्याच्या पलीकडच्या रस्त्यावर हवी, हे त्याला आदल्या दिवशी नीट सांगा.

लीड म्हणून सगळ्यात वेगवान मित्राला नेमू नका. तो नाराज होईल, होऊ द्या. लीडची परीक्षा वळण संपल्यावर असते: बाहेर पडल्या पडल्या त्याने गॅस दिला तर वर सांगितलेली लाट त्यानेच सोडली. पाच-सात सेकंद दमाने चालून मागची गाडी आरशात आल्यावर मग हळूहळू वेग वाढवणारा माणूस हवा. स्वीपचं काम त्याहून कंटाळवाणं आहे. तो कुणाला मागे टाकत नाही, शेवटच्या गाडीला चिकटत नाही, आणि कुणी थांबलं तर तोही थांबतो. पंक्चरचं सामान, हत्यारं आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडेच. लीडकडे दिली तर गरज मागे पडणार आणि पेटी पुढच्या खिंडीत असणार.

आता फाट्यांचं. नियम एकच ठेवा: प्रत्येकाने आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची. जिथे रस्ता फुटतो किंवा शंका येऊ शकते तिथे मागचा दिसेपर्यंत थांबायचं, आपण कुठे वळतो आहोत हे त्याने पाहिलं की निघायचं. दोन फाट्यांमधल्या वाटेवर, मग ती कितीही वळणांची असो, कुणी कुणासाठी थांबत नाही. शेवटचा कुठे अडकला तर तिसरा पुढच्या फाट्यावर थांबतो, त्यामुळे दुसरा त्याच्या पुढच्या फाट्यावर, आणि काही वेळात लीडला कळतं की मागे काहीतरी झालंय. फोनची रेंज नसलेल्या दरीतही हे चालतं. फक्त एक गोष्ट आधी ठरवा: किती वेळ वाट बघून मागे फिरायचं. मी वीस मिनिटं धरतो, आणि मागे फक्त लीड फिरतो. बाकीचे जागेवरच राहतात, नाहीतर शोधणाऱ्यांनाच शोधत बसावं लागतं.

मोठ्या गटांत दुसरी एक पद्धत वापरतात. लीड प्रत्येक फाट्यावर आपल्या मागच्या माणसाला उभं करतो, सगळे गेल्यावर तो स्वीपच्या पुढे शेपटीला लागतो. वीस-पंचवीस गाड्यांना ती उत्तम. तुमच्यासाठी मी ती टाळेन, कारण लीडच्या मागे मुद्दाम ठेवलेला नवखा पहिल्याच फाट्यावर शेवटी जाऊन पडतो आणि सगळी मांडणी उधळते.

थांबे आधीच नकाशावर पक्के करा, तासाभराच्या अंतराने. सगळ्या गाड्या रस्त्याच्या पूर्ण बाहेर उभ्या राहतील अशी जागा हवी. वळणावर नाही, नुकतेच दगड पडलेल्या उभ्या कड्याखाली तर मुळीच नाही. आणि थांब्यांवरची एक वाईट सवय मोडा. पुढचे पोचतात, गाड्या लावतात, फोटो काढतात, पाणी पितात. पंधरा मिनिटांनी शेवटचा पोचतो आणि तो दिसताच सगळे हेल्मेट चढवू लागतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच ती मिळत नाही. निघायचं कधी हे शेवटी पोचलेल्याने सांगायचं. एवढा एक नियम पाळला तरी तिसऱ्या दिवशीची भांडणं निम्मी होतील.

रुंद, सरळ रस्त्यावर गाड्या एक डावीकडे, एक उजवीकडे अशा तिरप्या रांगेत चालवतात, ते ठीक. घाट सुरू झाला की एकेरी रांग, दोन ते तीन सेकंदांचं अंतर, आणि प्रत्येकाला आपल्या मार्गिकेची पूर्ण रुंदी. ट्रक ओलांडायचा तर ज्याचा त्याने रस्ता बघून ओलांडायचा. पुढे गेलेल्याने मागच्याला 'ये ये' असा हात करायचा नाही. त्याला दिसलेली मोकळी जागा मागचा पोचेपर्यंत उरलेली नसते. ओलांडून झाल्यावर थोडं पुढे सरकून मागच्याला आत शिरायला जागा ठेवायची, एवढीच त्याने मदत करावी.

नवख्यांना घाटातल्या तीन गोष्टी आधी एखाद्या मोकळ्या मैदानात शिकवा. एक, नजर. माणूस जिकडे बघतो तिकडे गाडी जाते. दरीच्या कठड्याकडे बघितलं की कठड्याकडेच. वळणात शिरताना हनुवटी वळवून रस्ता जिथे संपताना दिसतो तिथे बघायचं. दोन, वळण अंदाजापेक्षा आवळत गेलं तर काय करायचं. पुढचा ब्रेक आवळला की झुकलेली गाडी उभी होते आणि सरळ बाहेर जाते. त्याऐवजी वळणाच्या आतल्या बाजूचं हँडल हाताने पुढे रेटायचं, गाडी आणखी झुकते आणि वळते. ऐकायला विचित्र वाटतं, म्हणून मैदानात ताशी 30-40 वर करून बघायचं. तीन, चढावरचा हेअरपिन. त्याची आतली कड सगळ्यात खडी असते. तिथे पहिल्या गिअरमध्ये इंजिन बंद पडलं की गाडी उताराच्या बाजूला कलंडते आणि तिकडे पाय जमिनीला पोचत नाही. म्हणून आपल्या मार्गिकेत राहून होईल तेवढं रुंद वळायचं, गॅस एकसारखा, अर्धा क्लच, आणि वेगाचा ताबा मागच्या ब्रेकवर.

जाणत्यांसाठीही एक सूचना आहे, कारण ही चूक तेच जास्त करतात. आंधळ्या वळणावर टायर मधल्या रेषेच्या आत असतो, पण गाडी झुकलेली असल्याने डोकं आणि खांदा रेषेपलीकडे, समोरून येणाऱ्या बसच्या वाटेत असतात. रेषेपासून टायरला हात-दोन हात अंतर ठेवा. वेग असा की जेवढा रस्ता दिसतो आहे तेवढ्यात थांबता येईल. एकाच गाडीपुरता अरुंद रस्ता असेल तर त्याच्या निम्म्यात, कारण उरलेलं निम्मं समोरच्याला लागणार.

उतरणीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चढ चढून आलो की लोकांना वाटतं अवघड भाग संपला. गाडी, चालवणारा, जोडीदार आणि सामान मिळून 350 किलो धरा. 1000 मीटर खाली उतरताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती साधारण दहा लिटर पाण्याला उकळी आणेल एवढी असते. ती सगळी ब्रेकच्या दोन लहानशा चकत्यांत घातलीत तर त्या तापणारच. डॉट 4 प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. पण ते हवेतली ओल शोषत जातं, आणि पुरेसं पाणी मुरलं की हाच आकडा 155 च्या आसपास येतो. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, लिव्हर हाताला मऊ लागतो आणि ब्रेक लागत नाही. म्हणून निघण्याआधी सगळ्यांचं ब्रेक ऑइल बदला, दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर वाद न घालता. आणि उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून वेग इंजिनाला धरू द्या. ब्रेक वळणाआधी ठामपणे लावायचा आणि सोडायचा. किलोमीटरभर हलका दाबून ठेवायचा नाही. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणारा एक तरी तुमच्या आठांत असेल, त्याला आधीच गाठा.

उतारावर थांबायला जागाही जास्त लागते. दर 100 मीटरला 10 मीटर उतरणाऱ्या कोरड्या डांबरावर फरक फारसा जाणवत नाही. पण बारीक खडीवर, जिथे मुळातच पकड कमी, तिथे तोच उतार थांबण्याचं अंतर जवळपास दीडपट करतो. तुम्ही सांगितलेली घसरण खडीवरची असेल तर यात नवल नाही.

दिवसाचे किलोमीटर ठरवू नका, गाडीवरचे तास ठरवा. पाच ते सहा तास पुरे. डोंगरात थांबे धरून गटाचा सरासरी वेग ताशी 25 ते 35 पडतो, म्हणजे साधारण 125 ते 210 किलोमीटर. नकाशाच्या ॲपने दाखवलेल्या वेळेची मी दीडपट करतो. शिवाय सगळे किलोमीटर सारखे नसतात. इटलीतल्या 2757 मीटर उंचीच्या स्टेल्व्हिओ खिंडीच्या एकाच बाजूला 48 हेअरपिन आहेत. तसा एखादा चढ वाटेत असेल तर तो त्या दिवसाचा मुख्य कार्यक्रम समजा. सकाळी लवकर निघा, चारच्या आत पोचा. बर्फ वितळून येणारे ओढे दुपारनंतर फुगतात, सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी संध्याकाळी गुडघ्याला लागतं. थंड प्रदेशात सावलीतल्या वळणांवर मात्र सकाळीच बर्फाचा पातळ, न दिसणारा थर असतो, तेव्हा फार पहाटेही नको. सहा दिवसांतला एक दिवस कोरा ठेवा. पाऊस, दरड किंवा गाडीचं दुखणं त्यात बसतं. काही झालं नाही तर आराम.

तुमच्या रस्त्याची उंची तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून दोन्ही सांगतो. 2500 मीटरच्या आत मुक्काम असतील तर फार चिंता नाही. त्यावर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं, आणि ते कुणाला होईल हे व्यायामाच्या सवयीवरून सांगता येत नाही. 3000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढायची, असा डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला आहे. औषध घ्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच. संशय आला तर एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. तोल जात असेल तर त्या माणसाने गाडी चालवायची नाही, त्याला दुसऱ्याच्या मागे किंवा चारचाकीत बसवून ताबडतोब खाली न्यायचं. उजाडायची वाट बघायची नाही.

उंचीवर गाडीही धापा टाकते. 3000 मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असते, त्या प्रमाणात ताकदही कमी. फ्युएल इंजेक्शनची गाडी पेट्रोलचं प्रमाण सांभाळून घेते, कार्ब्युरेटरची काळा धूर सोडते. दोन्हींकडून ओलांडताना नेहमीच्या जोराची अपेक्षा ठेवू नका. थंडीचं गणितही बघा. दर 1000 मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात वाऱ्याची भर. 5 अंशांच्या हवेत ताशी 60 ने जाताना उघड्या त्वचेला उणे 2 सारखं वाटतं. आधी बोटं बधिर होतात, म्हणजे क्लच आणि ब्रेक जिथून चालतात तीच. पातळ कपड्यांचे थर, वारा अडवणारं जॅकेट आणि हातमोज्यांचा दुसरा कोरडा जोड. इथे कंजुषी नको.

जोडीदार बसवणाऱ्या दोघांनी मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवायचा, टायरची हवा कंपनीने दोघांसाठी सांगितलेली भरायची, आणि त्यानंतर हेडलाइटचा झोत खाली करून घ्यायचा, नाहीतर तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जड सामान खाली आणि शक्य तितकं पुढे. कॅरिअरवर शेवटी बांधलेली जड बॅग पुढचं चाक हलकं करते आणि हेअरपिनवर ते जाणवतं. जोडीदाराला वळणात चालवणाऱ्याच्या आतल्या खांद्यावरून बघायला सांगा, बाकी काही शिकवावं लागत नाही.

हत्यारांची यादी प्रत्येकाने वेगळी करू नका. आठही गाड्यांचे टायर, ट्यूब आहे की नाही, चेनची साइज, क्लच केबल एकत्र लिहून काढा, मग कळेल की चार ट्यूब आणि दोन केबलांत भागतं. सामान दोन्ही स्वीपांत वाटून टाका. ट्यूबलेस असेल तर प्लग आणि पंप. ट्यूब असेल तर टायर काढायचे लिव्हर, आणि ते वापरता येणारा माणूस. घरी एकदा चाक काढून बघितलेलं असावं. पेट्रोलचा थांबा सगळ्यात लहान टाकीवर ठरतो, मोठ्या टाकीवाल्यांनीही तिथेच भरायचं.

अपघात झालाच तर आधी रस्ता रोखायचा. चौघांपैकी एक वरच्या वळणाच्या अलीकडे, एक खालच्या, हात करत; आंधळ्या वळणावर दुसरी गाडी येऊन आदळण्याचा धोका पहिल्या इजेइतकाच मोठा असतो. तिसऱ्याने जखमीजवळ जायचं. तो श्वास घेत असेल तर हेल्मेट ओढायचं नाही, उठवून बसवायचं नाही. कोण काय करणार हे आदल्या रात्री नावानिशी ठरवा. प्रत्येकाचा रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरचा फोन नंबर लिहिलेला कागद जॅकेटच्या एकाच ठरलेल्या खिशात असू द्या.

राहिला इंटरकॉम. आठांना लागत नाही. प्रत्येक गटाच्या लीडला आणि स्वीपला असला तर 'समोर खडी', 'मागे सगळे आले' एवढं बोलता येतं आणि ते उपयोगी आहे. डोंगर आड आला की त्याचा आवाज जातो, म्हणून फाट्याचा नियम त्याच्यावर सोडू नका. नवख्याच्या कानात मात्र पहिले तीन दिवस काहीच नको. वळणात असताना मागून आलेली 'गॅस दे, गॅस दे' ही मैत्रीपूर्ण सूचना मी पुष्कळदा ऐकली आहे. ते पैसे ब्रेक ऑइल, नवे टायर आणि दुसऱ्या हातमोज्यांवर घाला, उरले तर इंटरकॉम.